अंतराळवीर नवरा, पत्रकार बायको: स्कॉट आणि रीन कार्पेंटर यांच्या संसाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-रशियाच्या अंतराळ शर्यतीवर मराठीत बरंच लिहिलं गेलंय. त्यात रॉकेटं असतात, चंद्र असतो, केनेडी असतात. अंतराळवीरांच्या घरी काय चाललं होतं, हे मात्र सहसा एखाद्या चौकटीत उरकलं जातं. खालचे प्रश्न अशाच एका घराबद्दलचे आहेत. या घरात नवरा यानात बसला आणि बायकोने लेखणी उचलली.

ही जोडी नेमकी कोण?

स्कॉट कार्पेंटर हा अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी, म्हणजे ‘मर्क्युरी सेव्हन’मधला एक. २४ मे १९६२ रोजी ‘अरोरा ७’ या यानातून त्याने पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. जॉन ग्लेननंतर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो दुसरा अमेरिकन. ग्लेनच्या उड्डाणाच्या वेळी ‘गॉडस्पीड, जॉन ग्लेन’ असा निरोप देणारा आवाजही याचाच.

रीन ही त्याची पहिली पत्नी. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण ‘रेने’ म्हणतो, पण तिच्या घरीदारी ‘रीन’च म्हणत. पुढे ती वृत्तपत्रांची स्तंभलेखिका झाली आणि त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये टीव्हीवर कार्यक्रम करू लागली.

म्हणजे अंतराळवीराने पत्रकार मुलीशी लग्न केलं?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये लग्न झालं तेव्हा तो अंतराळवीर नव्हता आणि ती पत्रकार नव्हती. अंतराळवीर हा पेशाच तेव्हा अस्तित्वात नव्हता. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावची ही दोन कॉलेजवयीन मुलं. रीन तिथल्या बोल्डर थिएटरमध्ये प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवायचं काम करायची. दोघांची ओळख तिथलीच.

ती पत्रकार झाली ती लग्नानंतर दीडेक दशकाने. मधल्या काळात वर्तमानपत्रवाले तिच्या दारात, अंगणात आणि कधीकधी थेट स्वयंपाकघरात येऊन गेले होते. माझ्या मते तिची पत्रकारितेची शाळा हीच. वर्षानुवर्षं दुसरे आपल्याबद्दल कसं लिहितात हे पाहून ती लिहायला शिकली.

स्कॉटच्या घरी वर्तमानपत्राशी काही संबंध होता का?

होता, आणि तो अगदी जवळचा होता. स्कॉट लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. आईला क्षय होता, त्यामुळे त्याच्यावर बापाची माया केली ती आईच्या वडिलांनी. हे आजोबा, व्हिक्टर नॉक्सन, ‘बोल्डर काउंटी मायनर अँड फार्मर’ या स्थानिक पत्राचे मालक-संपादक होते. खाणकामगार आणि शेतकरी यांच्यासाठीचं हे गावचं पत्र. शाई आणि छपाईच्या खिळ्यांचा वास स्कॉटच्या ओळखीचा होता. धाकट्या मुलीच्या नावात त्याने आजोबांचं आडनाव जपलं.

अंतराळवीर म्हणून त्याची निवड कशी झाली? रीनचा त्यात काही हात होता?

नासाने लष्करी चाचणी वैमानिकांच्या फायली चाळून ११० नावं काढली आणि चाळणी लावत लावत ती सातवर आणली. ९ एप्रिल १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये ही सात नावं जाहीर झाली.

स्कॉट त्यात थोडा वेगळा उठून दिसायचा. बाकीचे बहुतेक जेट लढाऊ विमानांवर पोसलेले, तर हा नौदलाची गस्ती विमानं चालवणारा. त्याच्या जवळजवळ तीन हजार तासांच्या उड्डाणांत जेटचे तास जेमतेम तीनशे होते. शरीर मात्र पोलादी. वैद्यकीय आणि सहनशक्तीच्या चाचण्यांत त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं.

त्या काळात तो ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावर नेमणुकीला होता. नासाकडून विचारणा आली तेव्हा तो समुद्रावर होता, आणि त्याच्या वतीने होकार कळवला तो रीनने. घरात लहान मुलं, नवरा दूर, आणि हातात असला कागद. दुसऱ्या कुणी ‘ते आले की विचारते’ म्हणून विषय पुढे ढकलला असता.

‘लाइफ’ साप्ताहिकाबरोबरच्या कराराची एवढी चर्चा का होते?

कारण या सगळ्या गोष्टीचा दोरा त्या करारात आहे. १९५९ मध्ये सातही कुटुंबांनी मिळून आपली ‘खासगी कहाणी’ पाच लाख डॉलर्सना ‘लाइफ’ला विकली. लिओ डी’ऑर्सी नावाच्या वॉशिंग्टनच्या वकिलाने हा व्यवहार जुळवून दिला आणि त्यासाठी एक पैसाही फी घेतली नाही. तीन वर्षांत सात घरांत वाटून प्रत्येकी साल‌ाला चोवीस-पंचवीस हजार डॉलर्स पडत होते. लष्करी पगारावर घर चालवणाऱ्या, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसांसाठी ही रक्कम डोळे फिरवणारी होती.

अट अशी: उड्डाणाची अधिकृत माहिती सगळ्यांना खुली, पण घरातलं, मनातलं, बायकोमुलांचं जे काही असेल ते फक्त ‘लाइफ’चं. बाकीची वर्तमानपत्रं अर्थातच भडकली. सरकारी खर्चाने आकाशात जाणाऱ्या माणसाने आपलं मन एका साप्ताहिकाला विकायचं, हे कुठल्या न्यायाने? प्रश्न बिनतोड होता. पुढे केनेडींच्या काळात करार बंद करायचा विचार झाला तेव्हा ग्लेनने स्वतः राष्ट्राध्यक्षांकडे बाजू मांडली, आणि करार टिकला.

कुटुंबांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. करारामुळे बाकीच्या बातमीदारांना ‘आम्ही बांधील आहोत’ म्हणून दारातूनच परत पाठवता यायचं. पैशापेक्षा हे कारण बायकांना जास्त मोलाचं वाटलं असेल तर नवल नाही.

मग बायकांच्या नावाने छापून येणारे लेख कोण लिहायचं?

बहुतेक वेळा ‘लाइफ’चे लेखक. ते घरी यायचे, गप्पा मारायचे, आणि मग ‘मी’ या पहिल्या पुरुषात लेख तयार व्हायचा. २१ सप्टेंबर १९५९ च्या अंकावर सातही बायका मुखपृष्ठावर झळकल्या. त्या अंकातल्या त्यांच्या ‘अंतरीच्या गोष्टी’ वाचल्या तर सातही जणींचं अंतर एकाच साच्यातून काढल्यासारखं वाटतं. नवऱ्याच्या कामावर श्रद्धा, मुलांची काळजी, देवावर भरवसा. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेला कूपरांचा संसारही त्यात गोडीगुलाबीचा दिसतो. गॉर्डन आणि ट्रुडी कूपर निवडीच्या आधी वेगळे राहत होते. निवड पक्की व्हावी म्हणून पुन्हा एकत्र आले.

रीनने हा साचा मोडला. नवऱ्याच्या उड्डाणावरचा लेख तिने स्वतःच्या हाताने लिहिला. तो वाचल्यावर ‘लाइफ’मधल्या मंडळींना कळलं असणार की या घरात आपल्या लेखकाची फारशी गरज नाही.

उड्डाणाच्या दिवशी अंतराळवीरांच्या बायका काय करायच्या?

घरी बसून टीव्ही पाहायच्या, आणि बाहेर अख्खी गल्ली त्यांच्याकडे पाहायची. अंगणात कॅमेरे, फुटपाथवर तारांची भेंडोळी, शेजाऱ्यांच्या कुंड्या तुडवणारे छायाचित्रकार. आत मैत्रिणी डबे घेऊन आलेल्या, कोपऱ्यात ‘लाइफ’चा माणूस. यान सुखरूप उतरलं की बाईने पदर सावरून, म्हणजे त्यांच्याकडे लिपस्टिक लावून, बाहेर यायचं आणि दोन वाक्यं बोलायची.

ॲनी ग्लेनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २७ जानेवारी १९६२ ला ग्लेनचं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तिच्या घराजवळ गाडीत थांबले होते. टीव्हीवाल्यांना घेऊन आत यायचं, धीर द्यायचा, देशाला दाखवायचं, असा बेत. ॲनीला बोलताना मोठा अडखळा होता आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तिला नको होतं. ती नाही म्हणाली. नासाकडून नवऱ्यावर दबाव आला. तासन्‌तास यानात पडून नुकताच बाहेर आलेला जॉन बायकोच्या बाजूने उभा राहिला. उपराष्ट्राध्यक्षांना आल्या पावली परतावं लागलं.

मग रीनने काय वेगळं केलं?

ती घरी थांबलीच नाही. चारही मुलांना घेऊन ती फ्लोरिडाला गेली आणि केप कॅनाव्हरलजवळ समुद्रकाठच्या एका घरात बातमीदारांना ताकास तूर लागू न देता राहिली. तिच्याआधीच्या तिघींपैकी, म्हणजे लुईस शेपर्ड, बेटी ग्रिसम आणि ॲनी ग्लेनपैकी, कुणीही उड्डाण पाहायला तिथे नव्हत्या. नवऱ्याचं रॉकेट उडताना आपल्या डोळ्यांनी पाहायचं, तेही मुलांसोबत आणि आपल्या अटींवर, असं तिने ठरवलं होतं. सोबत होता तो फक्त ‘लाइफ’चा चमू. करारातून सुटका नव्हतीच.

सकाळी पावणेआठला ॲटलास रॉकेट उडालं. कॅमेऱ्याने टिपलेली रीन हात जोडून बसलेली नाही. ती बघत्येय, अगदी डोळे रोखून. मुलं शेजारी आहेत, आणि मुलांसारखीच मुलं आहेत: काही क्षण रॉकेटकडे, काही क्षण दुसरीकडेच. त्या छायाचित्रांत मला पहिल्यांदा जाणवतं ते हे, की पाहिली जाणारी बाई स्वतःच पाहणारी झाली आहे.

ती चाळीस मिनिटं म्हणजे काय प्रकार होता?

परतीच्या वाटेवर ‘अरोरा ७’ ठरल्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटर पुढे, प्वेर्तो रिकोच्या ईशान्येला समुद्रात उतरलं. वातावरणात शिरताना संपर्क तुटतोच, पण या वेळी तो तुटल्यावर जुळलाच नाही, कारण यान जहाजांच्या टापूच्या पलीकडे गेलं होतं. जवळजवळ चाळीस मिनिटं देशाला माणूस जिवंत आहे की नाही हे कळत नव्हतं. सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाने आपण एक अंतराळवीर गमावला असावा अशी भीती बोलून दाखवली. लाखो लोक ते ऐकत होते, आणि त्या लाखोंत त्या माणसाची बायको आणि मुलंही होती.

इकडे स्कॉट यानाच्या निमुळत्या टोकातून बाहेर सरकला. आदल्या वर्षी गस ग्रिसम या सातांतल्याच अंतराळवीराच्या यानाचं दार अवेळी उघडून यानच बुडालं होतं, त्यामुळे बाजूचं दार त्याने मुद्दाम उघडलं नाही. मग छोट्या रबरी तराफ्यात जाऊन निवांत बसला. शोधायला आलेल्यांत नौदलाचं नेपच्यून विमान होतं. हेच विमान तो स्वतः कोरियाच्या युद्धात चालवत असे. हेलिकॉप्टरने त्याला ‘इंट्रेपिड’ जहाजावर पोचवेपर्यंत तो तीनएक तास पाण्यावर होता. राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलताना त्याने नेम जरा चुकल्याबद्दल माफी मागितली.

नेम चुकला तो कुणामुळे? माणसामुळे की यंत्रामुळे?

यावर पन्नास वर्षं भांडण चाललं, त्यामुळे आकडे आधी.

यानाचा कल मोजणारं क्षितिज-शोधक यंत्र बिघडलं होतं. यानाचा वेग कमी करणारे परतीचे रॉकेट पेटायच्या वेळी यान सुमारे २५ अंशांनी बाजूला वळलेलं होतं. एवढ्यानेच साधारण २८० किलोमीटरचा फरक पडला. स्वयंचलित यंत्रणेने रॉकेट पेटवले नाहीत म्हणून स्कॉटने हाताने बटण दाबलं, त्यात तीन सेकंद गेले: आणखी पंचवीसेक किलोमीटर. आणि रॉकेटांनी अपेक्षेपेक्षा कमी जोर दिला: आणखी शंभराच्या आसपास.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर स्कॉटनेही इंधन सढळ हाताने वापरलं होतं. हाती आणि स्वयंचलित अशा दोन्ही नियंत्रणा त्याच्याकडून एकाच वेळी चालू राहिल्या होत्या. शिवाय शेवटच्या फेरीत सूर्योदयाच्या वेळी त्याचा हात चुकून यानाच्या भिंतीला लागला आणि बाहेर काजव्यांसारखे ठिपके उडाले. ग्लेनलाही आपल्या उड्डाणात असेच ठिपके दिसले होते. त्याला पडलेलं कोडं सुटलं: ते यानावरचे हिमकण होते. त्यांचे फोटो काढण्याच्या नादात परतीची तयारी मागे पडली.

उड्डाण संचालक ख्रिस क्राफ्ट याने मात्र त्याच दिवशी ठरवलं की हा माणूस पुन्हा उडणार नाही. आणि तो उडाला नाही. २००१ च्या आत्मचरित्रात क्राफ्टने या उड्डाणावरच्या प्रकरणाला ‘माणूसच बिघडला’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं. लगेच पुढच्या वर्षी स्कॉटने मुलगी क्रिस स्टोव्हर हिच्या जोडीने आपलं आत्मचरित्र काढलं आणि आपली बाजू मांडली. मला स्वतःला क्राफ्टचा राग समजतो, निवाडा पटत नाही. यंत्र बिघडलं तेव्हा यान खाली आणलं ते माणसानेच.

एक गमतीचा उपप्रश्न: स्कॉटची पदवी. अभियांत्रिकीला त्याचा एकच विषय राहिला होता, उष्णतावहन. उड्डाणानंतर कोलोरॅडो विद्यापीठाने ती पदवी देऊन टाकली. वातावरणात शिरताना त्याने उष्णतेचा जो अनुभव घेतला, त्याने तो विषय सुटला असं मानायला हरकत नव्हती.

रीन नकला करायची, हे खरं का?

खरं, आणि फार छान करायची. मैत्रिणींच्या मैफलीत ती एक टीव्ही बातमीदारीण व्हायची आणि लगेच ‘स्क्वेअरली स्टेबल’ या काल्पनिक अंतराळवीराची पत्नी ‘प्रिमली स्टेबल’ही व्हायची. एका हाताने माइक पुढे करायचा आणि दुसऱ्या अंगाने उत्तर द्यायचं. बातमीदारीण विचारणार, या ऐतिहासिक क्षणी तुम्हाला आनंद, अभिमान आणि कृतज्ञता वाटत असेल ना? बाई मान डोलावून म्हणणार, हो, मला आनंद, अभिमान आणि कृतज्ञता वाटते. पुढचा प्रश्न कुठलाही असो, उत्तर तेच.

बाकीच्या जणी हसून लोटपोट व्हायच्या, कारण प्रत्येकीने अंगणात उभं राहून हेच तीन शब्द खरोखर उच्चारले होते.

नकलेत दोन माणसं आहेत हे लक्षात घ्या. रीनने बायकांची खिल्ली उडवली तशी बातमीदारांचीही. उत्तर आधीच प्रश्नात घालून देणारा बातमीदार आपल्याकडेही काही कमी नाही. हुतात्म्याच्या घरी माइक घेऊन गेलेल्या वाहिन्या आठवा.

तिचा स्तंभ कशाबद्दल होता?

साठच्या दशकाच्या मध्यावर ती ‘अ वुमन, स्टिल’ नावाचा स्तंभ लिहू लागली आणि तो अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांत छापला जायचा. विषय संसाराचे, बाईपणाचे आणि भोवतालच्या जगाचे. अंतराळवीराची बायको म्हणून दार उघडलं यात शंका नाही. पण त्या दारातून आत गेल्यावर टिकायला लेखणी लागते.

तिच्यावरच्या मजकुरात मात्र वर्षानुवर्षं पहिली ओळ तिच्या सोनेरी केसांबद्दल असायची. बुद्धीची पाळी यायची ती तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात.

आणि टीव्ही?

१९६८ मध्ये तिने रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात काम केलं. केनेडी घराण्याशी तिची चांगली घसट होती. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी वाहिनीवर ती ‘एव्हरीवुमन’ हा कार्यक्रम करायची. पाककृती आणि विणकाम यात बायकांचे कार्यक्रम संपायचे, तेव्हा ही बाई स्त्रियांचं आरोग्य, संततिनियमन, समान हक्क असल्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर सरळ बोलत होती. दहा वर्षांपूर्वी जिला ‘आनंद, अभिमान, कृतज्ञता’ एवढेच शब्द नेमून दिलेले होते, ती हीच.

स्कॉट त्या वेळी कुठे होता?

पाण्याखाली. १९६४ मध्ये बर्म्युडात मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या हाताला जबर दुखापत झाली. पण त्याचा ओढा तोवर समुद्राकडे वळलाच होता. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होयाजवळ नौदलाच्या ‘सीलॅब २’ या पाण्याखालच्या घरात, ६२ मीटर खोलीवर, तो सलग तीस दिवस राहिला. त्याच सुमारास ‘जेमिनी ५’ यानातून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या गॉर्डन कूपरशी तो तिथून बोलला: एक आकाशात, दुसरा समुद्रतळाशी.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अभिनंदनाचा फोन केला तेव्हा स्कॉट अजून हीलियम मिसळलेली हवा घेत होता आणि आवाज कार्टूनमधल्या बदकासारखा निघत होता. दोघेही अगदी गंभीरपणे बोलतात. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका.

१९६७ मध्ये त्याने नासा सोडलं, १९६९ मध्ये नौदलातून निवृत्त झाला.

लग्न का मोडलं? तिच्या लेखनामुळे?

असं म्हणायला काही आधार नाही. दोघं साठच्या दशकाच्या अखेरीस वेगळी झाली आणि १९७२ मध्ये घटस्फोट झाला. चोवीस वर्षांचा संसार. पाच मुलं झाली, त्यातला एक मुलगा तान्हेपणीच गेला. नवरा आधी महिनोन्‌महिने जहाजावर, मग प्रशिक्षणात, मग समुद्राखाली. अशा संसाराचा हिशेब ‘तिला करिअर हवं होतं’ या एका ओळीत मांडणाऱ्यांनी त्याची गैरहजेरी मोजलेली नसते. स्कॉटने पुढे आणखी तीन लग्नं केली, हेही त्यांनी लक्षात घ्यावं.

त्या काळी अंतराळवीराने घटस्फोट घेतला तर नोकरीवर परिणाम व्हायचा का?

लेखी नियम नव्हता, पण ताण जबरदस्त होता. १९६५ मध्ये निवडलेल्या डॉ. डुएन ग्रेव्हलाइन याच्या पत्नीने घटस्फोटाचा अर्ज केला आणि दोनेक महिन्यांतच त्याने ‘वैयक्तिक कारणांसाठी’ राजीनामा दिला. एवढं पाहिल्यावर बाकीच्यांनी काय बोध घ्यायचा तो घेतला, आणि बऱ्याच घरांत झाकली मूठ तशीच ठेवली गेली.

रशियात अशी जोडी होती?

तिथलं गाजलेलं लग्न दोन अंतराळवीरांचं: व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा आणि आंद्रियान निकोलायेव्ह, नोव्हेंबर १९६३. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह स्वतः समारंभाला हजर. तेही पुढे मोडलंच. पत्रकारांपैकी यारोस्लाव्ह गोलोव्हानोव्ह या विज्ञान-बातमीदाराची १९६५ मध्ये उड्डाणासाठी वैद्यकीय तपासणी झाली होती. पत्रकाराला अंतराळात पाठवायची कल्पना मुख्य अभियंता कोरोल्योव्ह यांची होती. जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव्ह वारले आणि बेत बारगळला.

मग पत्रकार अंतराळात गेलाच नाही?

गेला, पण शर्यत संपल्यावर. जपानच्या टीबीएस वाहिनीचा तोयोहिरो अकियामा डिसेंबर १९९० मध्ये सोयुझ यानातून ‘मिर’ अंतराळ स्थानकावर पोचला. नासाचीही अशी एक योजना होती. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर ती गुंडाळली गेली.

भारताशी, मुंबईशी या बायकांचा काही संबंध?

कार्पेंटर दांपत्याचा नाही. पण अपोलो ११ चे तिघे ऑक्टोबर १९६९ मध्ये जगभर दौरा करत मुंबईत आले तेव्हा त्यांच्या पत्नीही सोबत होत्या. त्यांना बघायला प्रचंड गर्दी लोटली होती. घरात एखादी आजी त्या गर्दीत होती का, विचारून बघा.

दोघांचं पुढे काय झालं?

स्कॉट १० ऑक्टोबर २०१३ रोजी ८८ व्या वर्षी गेला. रीनने १९७७ मध्ये दुसरं लग्न केलं. लोक तिला शेवटपर्यंत रीन कार्पेंटर याच नावाने ओळखत. २४ जुलै २०२० रोजी, ९२ व्या वर्षी, डेन्व्हरमध्ये ती गेली. मर्क्युरीचे सात अंतराळवीर आणि त्यांच्या सात बायका, अशा चौदा जणांत ती सर्वांत शेवटची. ॲनी ग्लेन तिच्या दोनच महिने आधी गेली होती.

‘अरोरा ७’ पाहता येतं का?

येतं. शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात ते ठेवलेलं आहे. शिकागोत भरपूर मराठी कुटुंबं आहेत, पाहुणे आले की तळ्याकाठी फिरवण्याआधी एक दुपार तिथे काढायला हरकत नाही. यान अपेक्षेपेक्षा फार लहान दिसतं. नावाबद्दल एक तपशील तिथे आठवला तर मजा येईल: स्कॉटचं लहानपणचं बोल्डरमधलं घर ‘अरोरा’ आणि ‘सातवा’ या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं.